काळ्या पाषाणाचें गोत्र

मनुष्य चंद्रावर जाऊन आला, त्याला आतां अर्ध्या शतकाहून अधिक काळ लोटला. १९६९ पासून १९७२ पर्यंतच्या सफरींत अमेरिकन चंद्रयात्रींनीं तेथील सुमारें ३८२ किलो दगडमाती पृथ्वीवर आणली. चंद्र आपणांपासून सरासरी ३,८४,००० किलोमीटर दूर आहे. आतां आपल्याच पायांखालीं मनुष्य किती खोल गेला तें पाहूं. रशियाच्या वायव्येकडील कोला द्वीपकल्पांत १९७० सालीं एक छिद्र पाडण्यास आरंभ झाला. जवळ जवळ वीस वर्षांच्या खटाटोपानंतर तें १२ किलोमीटरांच्या किंचित् पुढें गेलें, आणि तेथील उष्णतेपुढें यंत्रांनीं हात टेकले. पृथ्वीची त्रिज्या ६,३७१ किलोमीटर आहे. पृथ्वी म्हणजे एक आंबा मानला, तर ही सुई त्याच्या सालीच्याहि पार गेली नाहीं.

असें असतां भूशास्त्रज्ञ २,९०० किलोमीटर खोलीवरील पाषाणाविषयीं बोलतात. तो केव्हां वेगळा झाला, त्यांत काय मिसळलें, हें सांगूं पाहतात. हें धाडस म्हणावें कीं ज्ञान? ज्या वस्तूचें प्रत्यक्ष दर्शन कधींच होणार नाहीं, तिच्याविषयीं कोणत्या प्रमाणावर विश्वास ठेवावा, हा प्रश्न केवळ भूशास्त्राचा नाहीं. विचार करणाऱ्या प्रत्येक मनुष्याचा आहे. आणि या विषयाचा धागा आपल्या स्वयंपाकघरांतील पाट्या-वरवंट्यापर्यंत येऊन पोंचतो. कारण महाराष्ट्रांतील जातें, पाटा व वरवंटा ज्या काळ्या पाषाणाचे घडविले जातात, तो पाषाण त्याच खोल प्रदेशांतून वर आलेला आहे.

प्रावरण म्हणजे काय?

पृथ्वीचे स्थूल मानानें तीन भाग. सर्वांत वरचें तें भूकवच; तें भूखंडांखालीं सामान्यतः ३० ते ४० किलोमीटर आणि महासागरांखालीं अवघें सात-आठ किलोमीटर जाड. मध्यभागीं लोखंडाचा गाभा. या दोहोंच्या मध्यें २,९०० किलोमीटर खोलीपर्यंत जें आहे तें प्रावरण. पृथ्वीच्या घनफळाचे पांच भाग केले, तर चारांहून अधिक भाग एकट्या प्रावरणाचे भरतात. क्रोएशियांतील मोहोरोव्हिचिच् या पंडितानें १९०९ सालीं भूकंपाच्या लहरींवरून कवचाचा तळ ओळखला, आणि पुढें चार-पांच वर्षांतच गुटेनबर्गनें गाभ्याची सीमा मोजली.

पुष्कळ सुशिक्षितांचीहि अशी समजूत असते कीं, कवचाखालीं वितळलेल्या शिलारसाचा समुद्र उसळत आहे. ती समजूत खरी नाहीं. भूकंपाच्या ज्या लहरी द्रवांतून जाऊंच शकत नाहींत, त्या प्रावरणांतून सुखानें पार होतात; अर्थात् प्रावरण घन आहे. मात्र दीर्घ काळाच्या दृष्टीनें पाहतां हा घन पाषाण अति मंद गतीनें वाहतो. आपलीं नखें वाढतात साधारण त्याच वेगानें. तप्त पाषाण वर चढूं लागला म्हणजे त्याच्यावरील दाब कमी होतो, आणि त्याचा अल्पसा अंश वितळतो. हा वितळलेला अंश भेगांतून वर येतो, तोच ज्वालामुखीचा लाव्हा. लाव्हा निवून झालेला खडक म्हणजे बेसाल्ट, आपला काळा पाषाण. जेथें मनुष्याला जातां येत नाहीं, तेथून आलेला तो दूत आहे. प्रश्न एवढाच कीं, या दूताच्या मुखीं मूळचा निरोप राहिला आहे, कीं वाटेंत तो बदलला?

गोत्र आणि दत्तक

वितळतांना, वर चढतांना, निवतांना लाव्ह्याची घटना बदलते. कांहीं द्रव्यें आधीं वितळतात, कांहीं स्फटिकरूपानें वाटेंतच मागें राहतात. म्हणून खडकांत एखादें मूलद्रव्य किती आहे, एवढ्यावरून त्याच्या उगमाविषयीं खात्रीनें बोलतां येत नाहीं. येथें समस्थानिकांचें साहाय्य होतें.

एकाच मूलद्रव्याचे कांहीं अणु वजनानें हलके, तर कांहीं भारी असतात. रासायनिक वर्तन मात्र सर्वांचें सारखेंच. अशा अणूंना इंग्रज शास्त्रज्ञ फ्रेडरिक सॉडी यानें १९१३ सालीं ‘आयसोटोप’ म्हटलें. हें नांव त्याला मार्गारेट टॉड नांवाच्या विदुषी डॉक्टरबाईनें सुचविलें. ग्रीक भाषेंत ‘आयसॉस’ म्हणजे सम आणि ‘टोपॉस’ म्हणजे स्थान. मूलद्रव्यांच्या कोष्टकांत ज्यांचें स्थान एकच, ते समस्थानिक. आपल्या भाषेंतील शब्द असा अक्षरशः मूळाबरहुकूम बसला आहे.

स्ट्रॉन्शियम या धातूचें उदाहरण घेऊं. त्याचे ८६ वजनाचे व ८७ वजनाचे असे दोन समस्थानिक येथें आपल्या कामाचे आहेत. दोघांचें वर्तन एक, म्हणून वितळण्यांत वा निवण्यांत त्यांचें परस्परांशीं असलेलें प्रमाण बदलत नाहीं. एखादें घराणें कोंकणांतून देशावर येतें, तेथून इंदूरला किंवा बडोद्यास जातें. आडनांव बदलतें, पेहराव बदलतो, बोलीहि बदलते. पण गोत्र बदलत नाहीं. समस्थानिकांचें गुणोत्तर हें खडकाचें गोत्र होय.

आतां यांत एक गंमत आहे. स्ट्रॉन्शियम-८७ चे कांहीं अणु मूळचे, म्हणजे औरस आहेत. पण कांहीं अणु दत्तक आलेले आहेत. रुबिडियम-८७ नांवाचा शेजारचा अणु किरणोत्सर्ग करून आपलें कूळ सोडतो आणि स्ट्रॉन्शियम-८७ होतो. ही क्रिया इतकी सावकाश चालते कीं, रुबिडियमचा निम्मा सांठा असा पालटावयास सुमारें ५,००० कोटि वर्षें लागावींत. पृथ्वीचें वय सुमारें ४५५ कोटि वर्षें आहे, असें क्लेअर पॅटर्सन यानें १९५६ सालीं अशनींतील शिशाच्या समस्थानिकांवरून ठरविलें, आणि तें आजहि मान्य आहे. तेव्हां पृथ्वीच्या साऱ्या आयुष्यांत शेंकडा सहाच रुबिडियम पालटला. स्ट्रॉन्शियम-८६ च्या घरीं मात्र कोणी दत्तक येत नाहीं. म्हणून ८७ आणि ८६ यांचें गुणोत्तर मोठें निघालें, तर समजावें कीं, या पाषाणाच्या शेजारीं रुबिडियम पुष्कळ होता, आणि तो शेजार दीर्घ काळ टिकला.

तो शेजार कोठें जमतो, हें आमच्या वाचकभगिनींना एका घरगुती दृष्टांतानें सहज कळेल. कच्च्या रंगाचें वस्त्र पहिल्याच धुण्यांत पाण्याला रंग देतें. पक्क्या रंगाचें वस्त्र रंग धरून ठेवतें. प्रावरणाचा पाषाण थोडासा वितळला कीं, रुबिडियम हा कच्च्या रंगाप्रमाणें लगेच द्रवांत उतरतो. स्ट्रॉन्शियम त्या मानानें मागें राहतो. पृथ्वीच्या आरंभापासून असें धुणें वारंवार होऊन जो द्रव वर आला, त्यापासूनच अखेर भूखंडांचें कवच बनलें. म्हणून कवचांत रुबिडियम फार, आणि धुवून निघालेल्या प्रावरणांत अगदीं थोडा. मापनांत नेमकें हेंच दिसतें. महासागरांच्या मध्यभागीं असलेल्या कटकांवर जो लाव्हा निघतो, त्याचें गुणोत्तर सुमारें ०.७०२५ असतें, जुन्या भूखंडीय ग्रॅनाइटांत तें ०.७१ व ०.७२ च्याहि वर जातें. फरक दिसावयास अल्प. परंतु अणूंना चुंबकाच्या क्षेत्रांतून वळवून वजनांप्रमाणें निवडणारें जें यंत्र ॲस्टननें १९१९ सालीं सिद्ध केलें, त्याच्या आजच्या वारसांना दशांश चिन्हापुढील पांचवें स्थानहि वाचतां येतें. आपल्या देशांत अमदाबादची फिजिकल रिसर्च लॅबोरेटरी व हैदराबादची राष्ट्रीय भूभौतिक अनुसंधान संस्था येथें अशीं मापनें होत असतात.

जें गिळलें तें परत आलें

प्रावरण सर्वत्र एकजीव ढवळलेलें असेल, अशी प्रथम कल्पना होती. १९६४ सालीं गास्ट, टिल्टन आणि हेज या तिघांनीं अटलांटिक महासागरांतील असेन्शन व गॉफ या बेटांवरील लाव्ह्याचें शिसें आणि स्ट्रॉन्शियम तपासलें. दोन्ही बेटें समुद्रांतच उगवलेलीं, खालीं भूखंड नाहीं. तरी गुणोत्तरें निरनिराळीं निघालीं. प्रावरण एकगोत्री नाहीं, हें त्या दिवसापासून शास्त्राला मानावें लागलें.

मग हीं निराळीं गोत्रें आलीं कोठून? १९८२ सालीं हॉफमन व व्हाइट यांनीं एक धीट उत्तर मांडलें. समुद्रतळाचें कवच खंदकांच्या ठिकाणीं सतत प्रावरणांत खालीं जात असतें. तें नाहींसें होत नाहीं. कोट्यवधि वर्षें खोल पडून राहतें, तापतें, आणि पुन्हां ऊर्ध्व प्रवाहाबरोबर वर येऊन बेटांचा लाव्हा होतें. पुढें १९८६ सालीं झिंडलर आणि हार्ट यांनीं अशा निरनिराळ्या कुळांची वर्गवारी केली. सेंट हेलिना बेटाचा लाव्हा जुन्या समुद्रतळाची ओळख दाखवितो. सामोआ बेटांच्या लाव्ह्यांत भूखंडावरून वाहून गेलेल्या गाळाची खूण दिसते.

या मताला अत्यंत विस्मयकारक पुष्टि २०१३ सालीं मिळाली. प्रशांत महासागरांतील कुक द्वीपसमूहांत मांगाइया नांवाचें एक लहान बेट आहे. तेथील लाव्हा सुमारें दोन कोटि वर्षांचा. त्या लाव्ह्याच्या स्फटिकांत अडकलेल्या सूक्ष्म कणांतील गंधकाचे समस्थानिक तपासले, तों त्यांचें प्रमाण असें विषम निघालें कीं, तें केवळ प्राणवायुरहित वातावरणांतच उत्पन्न होऊं शकतें. वातावरणांत प्राणवायु नसतांना सूर्याचे जंबुपार किरण थेट खालीं उतरत आणि गंधकाच्या वायूवर ती विशिष्ट क्रिया करीत. सुमारें २४५ कोटि वर्षांपूर्वीं प्राणवायु वाढला आणि ती क्रिया बंद पडली. याचा अर्थ असा कीं, त्या गंधकानें अतिप्राचीन आकाश पाहिलें होतें. तो भूपृष्ठावर पडला, समुद्रतळाबरोबर प्रावरणांत गेला, दोनशें कोटींहून अधिक वर्षें तेथें राहिला, आणि पुन्हां लाव्ह्यांतून वर आला.

याच्या उलट साक्ष हेलियम वायूची. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणांत जान्सेन या फ्रेंच ज्योतिर्विदानें आपल्या आंध्रांतील गुंटूर येथून सूर्याच्या ज्वालांचा वर्णपट पाहिला. त्याच वर्षीं लॉकियरनेंहि इंग्लंडांतून तसेंच निरीक्षण केलें, आणि त्या पिंवळ्या रेषेवरून पुढें हेलियम हें नांव रूढ झालें. पृथ्वीवर तो वायु १८९५ सालीं रॅम्से यास सांपडला, तोहि युरेनियमच्या खनिजांत. कारण युरेनियम व थोरियम यांच्या क्षयांतून हेलियम-४ सतत जन्मत असतो. हेलियम-३ मात्र बहुतेक सारा पृथ्वीच्या जन्मकाळचा. वातावरणांत हेलियम-४ च्या सुमारें सात लक्ष अणूंमागें हेलियम-३ चा एक अणु असतो. महासागराच्या कटकांवरील लाव्ह्यांत हें प्रमाण वातावरणाच्या सुमारें आठपट निघतें. हवाई व आइसलंड येथें तीसपटींहून वर जातें. आणि कॅनडाच्या उत्तरेकडील बॅफिन बेटाच्या जुन्या लाव्ह्यांत साठपटींहूनहि अधिक असल्याचें २०२३ सालीं प्रसिद्ध झालें. म्हणजे खोल कोठें तरी असा सांठा शिल्लक आहे, कीं ज्याचें तोंड पृथ्वीच्या बाल्यापासून फारसें उघडलेंच नाहीं. २०२५ सालीं गॉटिंगेन येथील संशोधकांनीं हवाईच्या लाव्ह्यांतील रुथेनियमच्या समस्थानिकांवरून असा निष्कर्ष काढला कीं, लोखंडाच्या गाभ्यांतूनच कांहीं धातु प्रावरणांत झिरपत असावे. पृथ्वीचें बहुतेक सारें सोनें त्याच गाभ्यांत आहे खरें. परंतु या वार्तेनें कोणीं हवाईस सोनें खणावयास निघूं नये. तो अंश केवळ यंत्रालाच दिसण्याजोगा आहे.

सह्याद्रीची साक्ष आणि उपाधीचा प्रश्न

आतां आपल्या घरच्या पाषाणाकडे वळूं. सुमारें ६.६ कोटि वर्षांपूर्वीं पश्चिम भारतांत भेगांमधून लाव्ह्याचे पूर लोटले. त्यांचे थर आजहि सुमारें ५ लक्ष चौरस किलोमीटर प्रदेशावर पसरलेले आहेत, आणि सह्याद्रींत त्यांची जाडी दोन किलोमीटरांपर्यंत जाते. डोंगरांच्या पायऱ्यांसारख्या रूपामुळें, पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून, त्यांस ‘डेक्कन ट्रॅप’ म्हणतात. अजिंठ्याचीं लेणीं, वेरूळचें कैलास, रायगडाचा कडा हे सर्व याच पाषाणाचे.

ज्यांनीं न्यायशास्त्राची तोंडओळख करून घेतली आहे, त्यांना पर्वतावरील धूर आणि अग्नि यांचें अनुमान ठाऊक असतेंच. धूर आहे म्हणून अग्नि आहे, हें अनुमान निर्दोष. पण अग्नि आहे म्हणून धूर आहे, असें म्हणतां येत नाहीं. तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यांत अग्नि असून धूर नसतो. धुरासाठीं ओलें सरपण लागतें. तें सरपण म्हणजे त्या अनुमानांतील उपाधि. आपल्या विषयांतहि अगदीं असाच उपाधि आहे. ‘स्ट्रॉन्शियमचें गुणोत्तर मोठें, म्हणून खालचा उगम तसा,’ हें म्हणणें तेव्हांच खरें, जेव्हां वाटेंत भूकवचाची भेसळ झाली नसेल. म्हणून शास्त्रज्ञ महासागरांतील बेटें शोधीत हिंडतात. तेथें जाड व जुन्या कवचाची अडचण नाहीं.

सह्याद्रीचा लाव्हा मात्र प्राचीन भूखंडांतून वर आला. १९६७ च्या भूकंपानें सर्वांच्या स्मरणांत राहिलेल्या कोयनेच्या परिसरांत, भूकंपाच्याच अभ्यासासाठीं, अलीकडे तीन किलोमीटर खोल छिद्र पाडण्यांत आलें. त्यांत सुमारें सव्वा किलोमीटरनंतर काळा पाषाण संपला आणि जुना ग्रॅनाइट लागला. हाच तो भेसळ करणारा. खंडाळ्याच्या बाजूस आढळणाऱ्या, ‘बुशे’ या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या थरांचें स्ट्रॉन्शियमचें गुणोत्तर ०.७१ च्याहि वर जातें; त्यांच्यावर पोलादपूरचे थर येतात, त्यांत तें उतरतें; आणि त्यांच्यावर महाबळेश्वरहून पोलादपूरला उतरणाऱ्या आंबेनळी घाटाच्या नांवाचे जे थर आहेत, त्यांत तें सुमारें ०.७०४ पर्यंत खालीं येतें. कॉक्स, हॉक्सवर्थ, महोनी इत्यादि संशोधकांनीं १९८० नंतरच्या दशकांत हे थर एकावर एक तपासून ही भेसळ निवडून काढली. शेतांत नवा पाट काढला म्हणजे पहिलें पाणी गढूळ येतें, पुढचें स्वच्छ. तसाच कांहींसा हा प्रकार दिसतो. आंबेनळीचा पाषाण सर्वांत कमी गढूळ, म्हणून उगमाविषयीं त्याची साक्ष अधिक ग्राह्य.

ती साक्ष कोणाकडे बोट दाखविते? हिंदी महासागरांत रियुनियन बेटावर पितों द ला फुर्नेझ हा ज्वालामुखी आजहि वारंवार जागा होतो. त्याचें गुणोत्तरहि सुमारें ०.७०४. दख्खनचे पूर आले तेव्हां भारत त्या तप्त स्थानावर होता. पुढें तो उत्तरेकडे सरकला, आणि त्या प्रवासाची खूण म्हणून लक्षद्वीप, मालदीव, चागोस, मॉरिशस अशी माळ मागें राहिली, असें बहुसंख्य भूशास्त्रज्ञ मानतात. याला दुसरा साक्षीदारहि आहे. राजस्थानांत मुंडवारा व सरनू येथें त्याच काळच्या अग्निजन्य खडकांतील हेलियम आशिष बसु आणि त्यांचे सहकारी यांनीं १९९३ सालीं मोजला. हेलियम-३ चें प्रमाण वातावरणाच्या सुमारें १४ पटींपर्यंत निघालें. रियुनियनच्या आजच्या लाव्ह्यांतहि तें सुमारें १३ पट असतें. मॉरिशसमध्यें पिढ्यान्‌पिढ्या नांदणाऱ्या मराठी कुटुंबांना हें ऐकून आनंद वाटेल कीं, ज्या ज्वालामुखीनें त्यांचें बेट समुद्रांतून वर काढलें, तो आणि त्यांच्या पूर्वजांचा सह्याद्रि यांचें गोत्र एकच.

वाद कोठें उरतो?

गोत्रावरून वंश कळतो, घराचा पत्ता कळत नाहीं. समस्थानिक हे पाषाणाचें वय व पूर्वचरित्र सांगतात. पण तो सांठा ७०० किलोमीटरांवर होता कीं २,८०० किलोमीटरांवर, हें एकटे सांगूं शकत नाहींत. १९७०–८० च्या सुमारास अनेकांनीं असें मानलें कीं, ६६० किलोमीटर खोलीवर प्रावरणाचे दोन मजले पडतात. वरचा धुतलेला, खालचा मूळचा अस्पर्श. पण १९९० नंतर भूकंपलहरींच्या साहाय्यानें पृथ्वीच्या अंतरंगाचीं चित्रें काढतां येऊं लागलीं, तेव्हां बुडालेलें समुद्रतळ तो मजला भेदून खालीं जातांना दिसलें. दोन प्रमाणें परस्परांविरुद्ध उभीं राहिलीं. एक म्हणतें, सांठे कोट्यवधि वर्षें निराळे राहिले. दुसरें म्हणतें, सर्वत्र ढवळाढवळ चालली आहे.

अशा वेळीं एका साक्षीदारास खोटा ठरवून मोकळें होणें सोपें असतें. शास्त्रज्ञांनीं तसें केलें नाहीं. दोघांचेंहि म्हणणें ज्यांत बसेल असें चित्र ते शोधीत राहिले. आज पुष्कळांचें मत असें कीं, प्रावरणांत सरळ मजले नसून जुन्या द्रव्याचे लहानमोठे पुंज विखुरलेले आहेत. आणि अगदीं तळाशीं, आफ्रिकेखालीं व प्रशांत महासागराखालीं, भूखंडांएवढे दोन प्रचंड प्रदेश आहेत, जेथें भूकंपाच्या लहरी मंदावतात. जुनें कवच, आदिम हेलियम आणि गाभ्यांतून झिरपलेले धातु यांचें वसतिस्थान तेंच काय, याविषयीं वाद चालू आहे.

आपल्याकडे या बाबतींत दोन टोकें दिसतात. कोणी म्हणतात, ‘पाहिलें आहे कोणीं? सगळे तर्क!’ कोणी म्हणतात, ‘आमच्या पूर्वजांनीं सप्तपाताळें सांगितलीं तींच हीं.’ प्रस्तुत लेखकास दोन्ही मतें पूर्वजांच्या कीर्तीला उणेपणा आणणारीं वाटतात. पाताळाचीं वर्णनें श्रद्धेच्या व काव्याच्या ठिकाणीं शोभतात. त्यांना अणूंच्या मोजणीची साक्ष द्यावयास उभें करूं नये. पूर्वजांचें खरें देणें निराळेंच आहे. न दिसणाऱ्या वस्तूचें ज्ञान हेतूवरून कसें करावें, हेतूंतील दोष कसा ओळखावा आणि उपाधि सांपडला तर आपलाच सिद्धान्त मागें कसा घ्यावा, याची शिस्त त्यांनीं घालून दिली. आंबेनळीचा पाषाण आणि बुशेचा पाषाण यांच्यांत भेद करणारा संशोधक ती शिस्त आचरणांत आणीत असतो, मग त्यानें न्यायशास्त्राचें नांव ऐकलेलें असो वा नसो.

घरांतील मुलांना सुटींत महाबळेश्वरास नेण्याचा योग आला, तर परततांना आंबेनळीच्या घाटानें उतरावें, आणि वळणावर थांबून कड्याचे थर त्यांना मोजावयास सांगावे. हे थर कोणीं रचले, असें तीं विचारतील. त्यांना चटकन् उत्तर न देतां, ‘तुला कसें कळेल?’ असा उलट प्रश्न करावा.